क्षमापनेची परंपरा आणि मनाचे स्वास्थ्य : एक ऐतिहासिक मागोवा

बत्तीस शिराळ्याचे नाव महाराष्ट्रात निघाले की पहिल्यांदा आठवते ती नागपंचमी. श्रावण शुद्ध पंचमीला नागाच्या पूजनासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. पूर्वी येथे जिवंत नागांची पूजा होत असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, पुढे न्यायालयाचे निर्बंध आले आणि नागप्रतिमेचे पूजन रूढ झाले. या नागपंचमीनंतर बरोबर एका महिन्याने भाद्रपद शुद्ध पंचमी येते. त्या दिवशी दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा दिवस, उगवतो. श्वेतांबर परंपरेत चतुर्थीला, तर स्थानकवासी व तेरापंथी परंपरेत प्रायः पंचमीला संवत्सरी साजरी होते. नाग आणि क्षमा या दोन गोष्टी पंचांगात अशा शेजारी येणे हा योगायोग असेल. परंतु जैन कथावाङ्मयात मात्र त्यांचे शेजारपण फार जुने आणि अर्थपूर्ण आहे.

दोन नाग, दोन धडे

पहिली कथा भगवान पार्श्वनाथांच्या पूर्वभवाची. कमठ आणि मरुभूती हे दोघे सख्खे भाऊ. थोरल्या कमठाने धाकट्याच्या पत्नीविषयी दुराचार केला. राजाने त्याला हद्दपार केले. अपराध कमठाचा, तरीही भावाला शिक्षा झाली याची खंत मरुभूतीला लागून राहिली आणि तो भावाची क्षमा मागायला गेला. वाकलेल्या मरुभूतीच्या मस्तकावर कमठाने शिळा घातली. तेथून सुरू झालेले वैर अनेक भव चालले. एकाने दर भवात सूड उगवावा आणि दुसऱ्याने हळूहळू समता साधावी, असा तो प्रवास आहे. शेवटी ध्यानस्थ पार्श्वनाथांवर उपसर्ग झाला तेव्हा धरणेंद्राने फणा उभारून छत्र धरले. पार्श्वनाथांच्या मूर्तीवरील नागफणा या दीर्घ वैराच्या समाप्तीची खूण आहे.

दुसरी कथा श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिकाची. पूर्वभवी तो एक तपस्वी साधू होता. चालताना पायाखाली बेडूक चिरडला. शिष्याने प्रतिक्रमणाच्या वेळी त्याची आठवण करून दिली, तेव्हा रागाने त्याच्यावर धावून जाताना खांबावर आपटून त्याला मृत्यू आला. नंतरच्या मनुष्यभवातही राग सुटला नाही. अखेरीस तो दृष्टिविष सर्प झाला. भगवान महावीरांना त्याने दंश केला. ते हलले नाहीत, रागावले नाहीत. शांतपणे त्याला जागे होण्यास सांगितले. सर्पाला पूर्वभव स्मरला. त्याने आपले तोंड बिळात घातले आणि मुंग्यांनी अंग पोखरले तरी ते हलविले नाही.

या दोन कथांतील धडे वेगवेगळे आहेत. चंडकौशिक सांगतो की क्रोध हा ज्याच्या मनात आहे त्यालाच प्रथम पोखरतो. मरुभूती सांगतो की क्षमा मागितली म्हणजे समोरचा ती देईलच असे नाही. आधुनिक मानसशास्त्र ज्याला क्षमा आणि समेट यांतील भेद म्हणते, तो या कथेत स्पष्ट दिसतो. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघे लागतात.

क्रोधाची मुदत

जैन आचार्यांनी क्रोधाचा निषेध तर केलाच. पण त्याची मोजणीही केली. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय. प्रत्येकाच्या तीव्रतेचे चार प्रकार : अनंतानुबंधी, अप्रत्याख्यान, प्रत्याख्यान आणि संज्वलन. क्रोधासाठी दिलेले दृष्टांत शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला सारखेच समजतील असे आहेत. दगडावरची भेग सांधत नाही. जमिनीची भेग पाऊस पडल्यावर मिटते. वाळूतील रेघ वाऱ्याने पुसली जाते. पाण्यावरची रेघ ओढता ओढताच नाहीशी होते.

श्वेतांबर परंपरेत या चार प्रकारांच्या मुदती अनुक्रमे आजन्म, एक वर्ष, चार महिने आणि पंधरा दिवस अशा सांगितल्या आहेत. प्रतिक्रमणाचे प्रकार पाहिले तर हे गणित लगेच ध्यानात येते. पाक्षिक प्रतिक्रमण पंधरवड्याने, चातुर्मासिक चार महिन्यांनी, सांवत्सरिक वर्षाने. म्हणजे ज्या मुदतीत राग विझला पाहिजे त्याच मुदतीला हिशेब मिटविण्याची क्रिया ठेवलेली आहे. दिगंबर परंपरेतील गोम्मटसारात मुदती निराळ्या आहेत : संज्वलन अंतर्मुहूर्त, प्रत्याख्यान पंधरवडा, अप्रत्याख्यान सहा महिने आणि अनंतानुबंधी भवोभव. आकडे वेगळे असले तरी सूत्र एकच आहे. राग येतो हे दोन्ही परंपरांनी मान्य केले. तो किती काळ सांभाळून ठेवला जातो यावर माणसाची पारख केली.

व्यापारी समाजाला हे समजायला अवघड नसावे. वसूल होण्याची आशा नसलेले येणे दरसाल नव्या वहीत ओढत नेले तर वही भरल्यासारखी दिसते, पण पेढी आतून पोकळ होत जाते. म्हणून जाणता व्यापारी बुडीत येणे वेळेवर खर्ची टाकतो. तसे केल्याने देणेकऱ्याचा व्यवहार योग्य होता असे काही ठरत नाही. स्वतःची पेढी मात्र खऱ्या आकड्यांवर उभी राहते. संवत्सरी आणि क्षमावाणी ही मनाच्या वहीची अशीच वर्षअखेर आहे.

पैठण ते आग्रा

या परंपरेच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्वेतांबर परंपरेनुसार संवत्सरी पंचमीवरून चतुर्थीवर आली ती गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानपुरात, म्हणजे आजच्या पैठणात. तेथील सातवाहन राजाने कालकाचार्यांना विनंती केली की पंचमीला इंद्रमहोत्सव असल्याने प्रजेला व आपल्याला पर्वात सहभागी होता येणार नाही. आचार्यांनी दिवस पुढे ढकलला नाही, एक दिवस अलीकडे घेतला. क्षमा मागण्यास उशीर चालणार नाही, लवकर केलेली चालेल, हा त्या निर्णयातील भाव आहे.

राजा उदायन आणि उज्जयिनीचा चंडप्रद्योत यांची कथाही पर्युषणाशी जोडलेली आहे. उदायनाने प्रद्योताला युद्धात जिंकून बंदिवान केले आणि त्याच्या कपाळावर अपमानाची अक्षरे डागविली. वाटेत पर्युषण आले. शत्रू कैदेत असताना आपली क्षमापना पुरी कशी होणार, या विचाराने उदायनाने त्याला मुक्त केले, राज्य परत दिले आणि कपाळावरील डाग झाकण्यासाठी सुवर्णपट्ट दिला. झालेली जखम पुसता आली नाही. पण ती मिरवावी लागू नये एवढी काळजी क्षमा मागणाऱ्याने घेतली.

पुढील काळात क्षमापनेला लेखी रूप आले. पर्युषण संपल्यावर एका गावचा संघ दूरच्या आचार्यांना विज्ञप्तिपत्र पाठवी. त्यात वर्षभरातील अपराधांची क्षमायाचना आणि पुढील चातुर्मासाचे निमंत्रण असे. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठविलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याच्या बादशहा जहांगीरच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे. विसाव्या शतकात छापील क्षमापना पत्रिका आल्या, पोस्टकार्डे आली आणि आता भ्रमणध्वनीवरील संदेश आले. साधन सोपे होत गेले. साधन जितके सोपे, तितके ते खऱ्या अपराध्यापर्यंत किंवा खऱ्या दुखावलेल्यापर्यंत पोहोचविणे मात्र सोपे झाले, असे म्हणता येत नाही.

कोल्हापुरातील एक कसोटी

क्षमेची ग्रंथांबाहेरची कसोटी पाहावयाची असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. दक्षिण महाराष्ट्रातील दोन जैन पुरुषांच्या आयुष्यात ती सापडते.

अण्णासाहेब लठ्ठे हे कुरुंदवाडचे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे ते एक आधारस्तंभ. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगच्या कारभारात त्यांचा प्रमुख वाटा होता. त्याच बोर्डिंगात कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी राहत असे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परतल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगातून त्याची हकालपट्टी झाली.

१९१४ मध्ये कोल्हापुरात सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना डांबर फासण्याचा प्रकार घडला. संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळली. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांच्या बोर्डिंगातून अपमानित होऊन बाहेर पडावे लागले, त्यांच्याविरुद्ध चार खोटे शब्द बोलले असते तर जुना हिशेबही चुकता झाला असता आणि स्वतःची सुटकाही झाली असती. भाऊरावांनी खोटी साक्ष नाकारली. त्यांना तुरुंगवास आणि छळ सोसावा लागला. त्या यातनांत जीवन संपविण्यापर्यंत त्यांचे मन गेले होते, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. म्हणजे हा धीर दगडाचा नव्हता, माणसाचा होता.

यापुढचा भाग अधिक विलक्षण आहे. ज्या संस्थानात हा तुरुंगवास घडला त्याचे अधिपती राजर्षी शाहू महाराज. महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. स्वतःला भोगाव्या लागलेल्या कैदेपेक्षा महाराजांचे बहुजनांच्या शिक्षणाचे कार्य त्यांनी मोठे मानले. लठ्ठे यांनीही पुढे बेळगावात वकिली केली; पण १९२४ मध्ये शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले ते त्यांनीच. कालांतराने ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

या दोघांनी झालेला अन्याय न्याय्य ठरविला नाही किंवा तो घडलाच नाही असेही मानले नाही. त्यांनी एका प्रसंगावरून संपूर्ण माणसाचे मोल ठरविण्याचे नाकारले. एकाने ते नाव बोर्डिंगच्या पाटीवर लिहिले, दुसऱ्याने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर. बोर्डिंगात स्नानाची अट नाकारणाऱ्या मुलाने पुढे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. दुखावलेल्या मनाची शक्ती सुडाकडे न वळता कार्याकडे वळली, तर तिचे काय होते, याचे हे उदाहरण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले आहे. शिराळाही त्या काळी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

आधुनिक मानसशास्त्राची साक्ष

क्षमा हा विषय मानसशास्त्राने फार उशिरा, गेल्या चार दशकांत गांभीर्याने हाती घेतला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रॉबर्ट एनराइट यांनी १९८५ च्या सुमारास या अभ्यासाला प्रारंभ केला. एव्हरेट वर्दिंग्टन या मानसशास्त्रज्ञाने क्षमेचे दोन प्रकार सांगितले : निश्चयाची क्षमा आणि भावनेची क्षमा. सूड घेणार नाही असे ठरविणे ही पहिली. मनातील कडवटपणा प्रत्यक्ष ओसरणे ही दुसरी. पहिली एका दिवसात होऊ शकते, दुसरीला वेळ लागतो. स्वतः वर्दिंग्टन यांच्या आईची १९९६ च्या सुरुवातीस घरात शिरलेल्या चोराकडून हत्या झाली होती. आपल्याच सिद्धान्ताची परीक्षा त्यांना द्यावी लागली.

त्यांच्या पद्धतीवर आधारित स्वाध्यायपुस्तिकेची चाचणी पाच देशांतील ४,५०० हून अधिक लोकांवर घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तिका वापरणाऱ्यांमध्ये क्षमाशीलता वाढली आणि नैराश्य व चिंता यांची लक्षणे कमी झाली, असे आढळले. त्याआधी २००१ मध्ये शार्लट विटव्हलिएट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की दुखावणाऱ्या व्यक्तीविषयीची अढी मनात घोळविताना हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो. क्षमेचा विचार करताना तो ताण कमी राहतो.

राग बाहेर ओतला म्हणजे मन हलके होते, असा एक समज आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाचा विचार करीत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी न होता वाढला. मग राग गिळावा काय? जेम्स ग्रॉस यांनी भावनांच्या नियमनाचा अभ्यास करताना दोन मार्गांची तुलना केली. एक, उसळलेली भावना चेहऱ्यावर दिसू न देता दाबून टाकणे. दुसरा, प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलणे. ग्रॉस आणि जॉन यांच्या २००३ च्या अभ्यासात दृष्टी बदलणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य व नातेसंबंध अधिक चांगले आढळले. भावना दाबण्याची सवय असलेल्यांचे तुलनेने कमी.

गुणस्थानांचा अभ्यास असणाऱ्यास येथे उपशम आणि क्षय यांची आठवण होईल. गढूळ पाण्यात निवळी घातली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते. भांडे हलले की पुन्हा गढूळ होते. हा उपशम. निवळलेले पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घेतले की गाळ उरतच नाही. हा क्षय. कषाय केवळ उपशमवून चढणारा जीव अकराव्या गुणस्थानापर्यंत पोहोचूनही खाली येतो, असे शास्त्र सांगते. कर्मसिद्धान्त आणि प्रयोगशाळा यांची भाषा वेगळी आहे. एकाने दुसऱ्याला सिद्ध केले असे म्हणणे योग्य नव्हे. परंतु दाबलेला राग गेलेला नसतो, हे निरीक्षण दोघांचेही आहे. आणि दृष्टी बदलण्याचा अभ्यास कसा करावा, याचे उत्तर परंपरेत बारा अनुप्रेक्षांच्या व मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावनांच्या रूपाने दिलेले आहे.

क्षमा म्हणजे अन्याय सोसणे नव्हे

क्षमेचा उपदेश बहुधा दुबळ्यालाच केला जातो, हे येथे नमूद केले पाहिजे. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला, वाटणीत फसविल्या गेलेल्या धाकट्या भावाला ‘जाऊ दे, क्षमा कर’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. थोरल्याला ‘जा, क्षमा माग आणि त्याचे त्याला परत दे’ असे सांगणारे थोडे. जेम्स मॅकनल्टी यांच्या वैवाहिक जीवनावरील संशोधनातही दिसून आले की जोडीदार वारंवार दुखावत असेल तर केवळ क्षमा करीत राहण्याने दुःख कमी होत नाही, काही वेळा ते वाढते. शास्त्रानेही अविनयी माणसाच्या बाबतीत माध्यस्थ्यभाव सांगितला आहे. त्याच्या स्वाधीन व्हावे असे सांगितलेले नाही. प्रतिक्रमणात तर प्रथम स्वतःच्या दोषांची आलोचना आहे. ‘मिच्छामि दुक्कडम्’ याचा अर्थ माझे दुष्कृत मिथ्या होवो असा आहे. दुसऱ्याचे दुष्कृत विसरून जावे अशी सक्ती त्यात नाही.

समाजालाही हाच न्याय लागू आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांचे श्रद्धास्थान. पूजेच्या हक्काचा वाद इंग्रजांच्या काळात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ पासून मंदिराला कुलूप लागले ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघाले. या बेचाळीस वर्षांत दोन्ही बाजूंनी बेचाळीस संवत्सऱ्या आणि बेचाळीस क्षमावाण्या झाल्या. ज्या तीर्थंकराने कमठाचे वैर पोटात घातले, त्याच्या दारातील कुलूप न्यायालयाला काढावे लागले. यात कोणा एका पक्षाला दोष देण्याचा प्रश्न नाही. कायद्याचे प्रश्न न्यायालयातच सुटतात. मात्र क्षमापना शब्दांत राहिली आणि व्यवहारात उतरली नाही, तर काय होते हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते पाहावे असे आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या उंबरठ्यावर

संस्थेची पन्नास वर्षे म्हणजे पन्नास क्षमावाण्या. मंदिराच्या मंडपात, स्थानकात, उपाश्रयात दरवर्षी हात जोडले गेले. ते हात प्रायः ज्यांच्याशी कधी भांडण नव्हते त्यांच्यापुढेच जोडले गेले असतील, तर रूढी पाळली गेली, पर्व साजरे झाले नाही. खरी क्षमापना बहुधा मंडपाबाहेर असते : वाटणीनंतर ज्याच्या दुकानावरून जाताना मान वळविली जाते त्या भावाकडे, लग्नाच्या मानपानावरून ज्यांच्याकडे जाणे सुटले त्या व्याह्यांकडे, हिशेबाच्या वादात ज्याला चारचौघांत बोलून दाखविले त्या मुनिमाकडे.

तेथे जाऊन काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. मरुभूतीला शिळा मिळाली, उदायनाला मित्र मिळाला. पण दोघांच्याही मनावरचा भार जाण्याच्या निश्चयानेच हलका होऊ लागला होता. नागपंचमीच्या गावाने नागाला शत्रू न मानता पूजनीय मानण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली. मनाच्या बिळातील नागाविषयीही तेच करावयाचे आहे. त्याला ठेचायचे नाही, डिवचायचेही नाही. चंडकौशिकाप्रमाणे जागे करायचे आहे. त्यासाठी वर्षातून एक दिवस पूर्वजांनी नेमून दिला. कालकाचार्यांच्या निर्णयाचे स्मरण ठेवायचे, तर तो एक दिवस अलीकडे घेण्यासही हरकत नाही.